लांबची सोयरीक

लग्नाच्या मांडवाबाहेर चपला साठतात, तसे किस्से साठतात. पहिले दोन-चार जोड कुणीतरी नीट भिंतीला लावून ठेवतं. नंतर येणारे जागा दिसेल तिथं काढून आत पळतात आणि शेवटी आपली चप्पल कोणती हेच ओळखू येत नाही. आमच्या कट्ट्यावर तेच झालंय. ह्यातलं कुणाच्या घरी नेमकं काय घडलं आणि उत्तमरावांनी त्याला किती फोडणी घातली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसं मी काहीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली, तरी साधी भाजी आणायला गेलो तर वांगी घेऊ की दोडकी, यावर माझे दोन मतप्रवाह असतात.

माझी बायको सुमन म्हणते, "तुम्ही किस्सा सांगू नका. विनोदाच्या आधी प्रस्तावना करता आणि विनोदानंतर समारोप." तर प्रस्तावना लवकर आटोपतो.

पुंडलिकनगरात पाण्याच्या टाकीजवळ छोटी बाग आहे. तिथल्या सिमेंटच्या बाकावर आम्ही चौघं रोज सकाळी बसतो. उत्तमराव म्हणजे पडेगावकडचे जमीनदार. अर्धी जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, पण आवाज अजून शेताच्या बांधावरूनच येतो. निकम वीज खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. खानसाहेब उर्दू शाळेचे हेडमास्तर होते, ते जुन्या शहरातून स्कूटरवर येतात. आणि चौथा मी, म्हणजे 'सर'.

ह्या सगळ्या किश्शांच्या मागं एकच गोष्ट मला कुरतडत होती. माझी मुलगी मीनल हिचं लग्न जोसेफशी ठरलं होतं. जोसेफ केनियाचा. इथं आमच्याच शहरात औषधशास्त्र शिकायला आला आणि मीनलच्या वर्गात बसला. आता त्याला तिकडं नैरोबीत कॉलेजात नोकरी लागलेली. आणि माझी थोरली बहीण, आक्का, म्हणाली होती, "मी लग्नाला येनार नाय."

आमचं घर मेंढपाळाचं. आई लवकर गेली. आक्का गावातच दिलेली; तिनं मेंढरं राखून मला शिकवलं, पुढं मीनललाही तिनंच मांडीवर घेऊन वाढवलं. मीनलनं सांगून टाकलं होतं, "आत्या नसेल तर मला मांडव नको, हळद नको. लग्नच पुढं ढकला." म्हणजे सगळं अडलं होतं एका म्हाताऱ्या बाईच्या 'नाय'वर.

* * *

आमच्या कॉलनीत पहिली परदेशी सून आली ती निकमांकडं. मुलगा जर्मनीत नोकरीला होता, तिथून पोलंडची कासिया घेऊन आला. निकमांनी आधी आठवडाभर अंथरूण धरलं. मग सून दारात उतरली आणि अख्खी गल्ली बघायला जमली. शेजारच्या कुलकर्णीकाकू तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं बाई, रंग अगदी ओरिजिनल आहे हो!"

निकमांची छाती त्या दिवसापासून दोन इंच वाढली ती वाढलीच.

पुढं मे महिन्यात कासिया माहेरपणाला यावं तशी सासरी आली. एके दिवशी अंगाला तेल चोळून, चटई टाकून, भर दुपारी गच्चीवर उन्हात पडून राहिली. निकमवहिनी छत्री घेऊन जिन्यावरून धावत वर, "अगं काळी पडशील! ऊठ, ऊठ!" कासिया म्हणे, "आई, त्यासाठीच!" वहिनींना हे समजेचना. देवानं एवढा रंग दिलाय आणि ही तो उन्हात घालवतेय!

चटईच्या शेजारीच वहिनींच्या कुरडया वाळत होत्या. पलीकडच्या गच्चीवरून कुलकर्णीकाकूंनी हे सगळं बघितलं आणि हाक मारली,

"निकमवहिनी, सून जरा उलटून टाका! एका बाजूनं झाली!"

* * *

मीनलची बातमी कट्ट्यावर कशी सांगावी, याची मी आरशासमोर तालीम केली होती. सरळ सांगायची मला हिंमत नव्हती. म्हणून मी माणसाच्या स्थलांतरापासून सुरुवात केली. मग गोत्र, मग जात, मग प्रदेश, मग विवाहसंस्थेतले बदल. सकाळची उन्हं बाकावर आली तरी मी मुद्द्याच्या आसपासच फिरत होतो.

उत्तमराव कंटाळले. "सर, पोरगी पळून गेली का?"

"नाही हो. घरीच आहे."

"मग काय झालं?"

"तिनं लग्न ठरवलंय. मुलगा आफ्रिकेतला आहे. केनियाचा."

खानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. निकमांनी चष्मा काढला. उत्तमराव मात्र लग्न ठरवायच्या पन्नास बैठकांत बसलेला माणूस. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं,

"शेती किती?"

हसू आलं, वातावरण जरा सैल झालं. तेवढ्यात निकम माझ्या जवळ सरकले. हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहात, मी काय सांगणार. पण विचार करा. परक्या देशातला मुलगा म्हणजे... समाज काय म्हणेल?"

मी म्हटलं, "निकम, तुमची सून पोलंडची आहे!"

"हो, पण ती..." निकमांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मग दुसऱ्या बुटाची.

* * *

जोसेफ पहिल्यांदा घरी येणार होता, तेव्हा मी दोन दिवस इंग्रजी वाक्यं घोकत होतो. माझं इंग्रजी पुस्तकात चांगलं आहे, तोंडात आलं की त्याला घाम फुटतो. बेल वाजली. दार उघडलं. दारात सहा फुटांच्या वर गेलेला मुलगा, हातात मिठाईचा पुडा. मी वेलकमचं वाक्य जुळवायला लागलो, तोच तो म्हणाला,

"सर, गाडी कुठं लावू? ते समोरचे काका लई भांडायलेत."

आमच्या मराठवाड्यातलं मराठी! अगदी जसंच्या तसं! नंतर कळलं, पडेगावला तो ज्या मावशींकडं भाड्यानं राहायचा त्यांनी शिकवलं होतं. पण माझ्या डोक्यात इंग्रजीची गाडी सुटली होती, ती थांबेना. मी इंग्रजीत विचारलं, प्रवास कसा झाला. तो म्हणाला, "बरा झाला, क्रांती चौकात जरा ट्रॅफिक होतं." मी इंग्रजीत हवामानाकडं वळलो. तो म्हणाला, "ऊन लई वाढलंय अवंदा."

असं पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल. शेवटी सुमन चहा घेऊन आली. ट्रे ठेवला आणि मला म्हणाली,

"तो मराठीत बोलतोय. तुम्ही कुणाशी बोलताय?"

* * *

त्या पडेगावच्या मावशींचा किस्सा जोसेफनंच सांगितला. तो खोली बघायला गेला, तेव्हा त्याच्या आधी आठ-दहा घरांनी 'खोली गेली' म्हणून सांगितलेलं. मावशींनी त्याला वर-खाली बघितलं, विचारलं, "पान्याची मोटर वेळेवर बंद करशील का?" तो 'करीन' म्हणाला. खोली मिळाली.

पण आजूबाजूला चौकशा सुरू झाल्या. कोण आहे, कुठला आहे, कशाला ठेवलाय. मावशी एकट्या बाई, रोज कोण उत्तरं देत बसणार! त्यांनी सगळ्यांना एकच सांगायला सुरुवात केली,

"परभनीकडचा हाय."

जोसेफ म्हणाला, "सर, मला वाटलं लोक हसतील. पण कुणी हसलंच नाही." एकदा किराणा दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "परभणीत कुठं?" जोसेफला मावशींच्या तोंडून ऐकलेलं एकच नाव आठवलं. तो म्हणाला, "जिंतूर."

दुकानदारानं मान हलवली. "तरीच! बोलन्यावरून वाटलंच मला."

* * *

खानसाहेब एक दिवस म्हणाले, "प्रोफेसर साब, लडके को जरा मेरे हवाले करो." मुलाची पारख ते करणार होते. जोसेफला मागं बसवून ते स्कूटरवरून जुन्या शहरात घेऊन गेले. मी इकडं घरी येरझाऱ्या घालतोय. काय विचारतील, हा काय सांगेल, कुठं धर्माचा विषय निघेल... सुमन म्हणाली, "मुलाची परीक्षा आहे, तुमची नाही. बसा."

दुपार कलल्यावर दोघं परत आले. खानसाहेबांचा चेहरा गंभीर. मी विचारलं, "काय झालं?"

"नान-खलिया खाया हम दोनों ने."

"मग?"

"मियाँ, इसने मेरे से ज्यादा खाया। फिर होटलवाले से बोला, चचा, आज खलिए में मसाला थोडा कम है।" खानसाहेब थांबले. "होटलवाला मान गया!"

मी म्हटलं, "म्हणजे मुलगा तुम्हाला पसंत आहे?"

खानसाहेब स्कूटरला किक मारत म्हणाले, "लडका तो घर का है, प्रोफेसर साब। आप बताओ, आप कहाँ के हो? तीस साल में एक बार नहीं बोले कि मसाला कम है!"

* * *

आता आक्काचं सांगतो. कन्नडच्या पुढं आमचं गाव. मी एकटाच गेलो. आक्का ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी मोबाईलमधला फोटो पुढं केला. तिचे डोळे तेव्हा अधू झालेले. मोबाईल तिनं लांब धरला, जवळ धरला, उन्हात धरला.

"फोटू नीट निघाला नाय बापू. अंदार हाय."

"आक्का, फोटो नीट आहे. तो तसाच आहे."

तिनं मोबाईल परत दिला. दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "मी लग्नाला येनार नाय."

मी विवाहसंस्थेत होणारे बदल सांगायला लागलो. ती म्हणाली, "बापू, भाकर खा." मी भाकरी खाल्ली. निघताना पुन्हा विचारलं, "रंगाचं म्हणतेस का?"

"रंगाचं बी हाय. खोटं कशाला बोलू?" तिनं लसणाचं टरफल फुंकून उडवलं. "पर त्याची सवय व्हती मान्साला. तू मला एक सांग. माझी लेक शोभी वैजापूरला दिली. रडली, का यष्टीत बसले, गेले. ही उद्या तिकडं रडली तर मी कंच्या यष्टीत बसू?"

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं 'कुठं?' असं विचारलं, तर माझ्या तोंडून गेलं, 'नैरोबी.'

* * *

दरम्यान एका रविवारी आम्ही हर्सूल तलावावर गेलो. मी, सुमन, मीनल आणि जोसेफ. सुमनचा आग्रह. मला असल्या ठिकाणी लोक बघतात याचीच धास्ती. आणि लोक बघतच होते. जोसेफला सवय झालेली, तो भुईमुगाच्या शेंगा फोडत निवांत चाललेला.

एक कुटुंब जवळ आलं. नवरा-बायको, दोन मुली, एक आजी. "सर, एक सेल्फी?" जोसेफ हसून उभा राहिला. सेल्फी झाली. माणूस म्हणाला, "सर, आयपीएलला कुठल्या टीमकडून?"

जोसेफ गंभीरपणे म्हणाला, "जिंतूर."

मीनल हसून हसून खाली बसली. त्या माणसाला काही कळलं नाही. तो माझ्याकडं वळला. माझ्या एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात जोसेफचं जाकीट, पाण्याची बाटली काखेत.

"काका, तुम्ही यांचे मॅनेजर का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा, कसलीही प्रस्तावना न करता, एका शब्दात उत्तर दिलं.

"सासरा."

तो माणूस माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं हसला. "लई भारी जोक मारता काका तुम्ही!" आणि आजीला सांगायला गेला. आजीही हसली.

* * *

जोसेफचे काका-काकू केनियाहून यायचं ठरलं. त्याचे वडील नाहीत, काकाच मोठे. रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांना उतरवायचं कुठं, या काळजीनं मला रात्रंदिवस काही सुचेना. हॉटेल म्हणावं तर परकेपणा, घर म्हणावं तर आमचं दोन खोल्यांचं. त्यात आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलेलं, म्हणजे तीही आमच्याकडं. आल्या आल्या तिनं पिशवी ठेवली आणि बजावलं, "मी डोळ्यासाठी आले. लग्नासाठी नाय."

सकाळी फाटकाशी निकम उभे. नेहमी हाक मारून आत येणारा माणूस, त्या दिवशी फाटकाची कडीच खाली-वर करत होता.

"सर, पाहुणे कुठं उतरणार?"

"बघतोय अजून."

"आमचा वरचा मजला रिकामाच असतो. कमोड पण आहे."

मला भरून आलं. मी म्हटलं, "निकम, हे कासियानं सुचवलं का?"

"छे छे! तिचा काय संबंध? माझं मलाच वाटलं..." एवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. त्यांनी गडबडीत उचलला, तर पडद्यावर कासिया.

"बाबा, सांगितलं का? नाही सांगितलं तर मी येणार आणि परत गच्चीवर झोपणार!"

* * *

आता बैठकीचं.

आमच्याकडं लग्नाआधी दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर समोरासमोर बसतात. द्यायचं-घ्यायचं, मानपान, सगळं तिथं ठरतं. मुलीकडून बोलायला एक तयार माणूस लागतो. मी तयार नव्हतो, तर उत्तमराव होते. पांढरा फेटा बांधून आले. कानात म्हणाले, "सर, तुम्ही तोंड उघडायचं नाही. किती बैठका जिंकल्यात मी! समोरचा आकडा बोलला, की कापायचा. पुन्हा बोलला, पुन्हा कापायचा."

समोर जोसेफचे काका. काळा सूट, मांडीवर हॅट, मांडी घालून एकदम ताठ बसलेले. शेजारी काकू. मध्ये जोसेफ, दुभाषा म्हणून. आमच्या बाजूला उत्तमराव, मी, निकम, खानसाहेब. सुमन आणि मीनल दाराशी. आक्का स्वयंपाकघरात, आमच्याकडं पाठ करून. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डोळ्यावर.

काकांनी खाकरून सुरुवात केली. जोसेफनं मराठीत सांगितलं, "काका म्हणतात, आमच्यात मुलाकडून मुलीच्या घरी शेळ्या द्यायच्या असतात. आता कुणी शेळ्या हाकत आणत नाही, नावापुरतंच असतं. पण बोलणं शेळ्यांतच करावं लागतं. काका म्हणतात, तीस शेळ्या."

यालाच वधूमूल्य म्हणतात. हे मी दरवर्षी, प्रत्येक वर्गाला, फळ्यावर लिहून शिकवलेलं. पण त्या क्षणी माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं झालं होतं.

उत्तमरावांनी मात्र आकडा ऐकला. "तीस? लई होतात पाव्हणं! दहा करा."

काका चमकले. जोसेफनं माझ्याकडं बघितलं. मी उत्तमरावांचं धोतर ओढलं. "अहो, ते देणार आहेत! आपण नाही!"

"सर, गप बसा. बैठकीत कमीच करायचं असतं!"

काका थोडं थांबून, सावकाश म्हणाले, पंचवीस.

"आठ!" उत्तमराव गरजले.

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. काकूंनी पदर असल्यासारखा रुमाल तोंडाला लावला. काका म्हणाले, वीस. उत्तमराव म्हणाले, पाच. निकम घाबरून म्हणाले, "उत्तमराव, अहो उलटं चाललंय," पण उत्तमराव आता भरात आले होते. त्यांनी फेटा सावरला, हात वर केला आणि आयुष्यभरात ज्या वाक्यासाठी टाळ्या घेतल्या, ते वाक्य टाकलं,

"शेळ्या नकोत, काही नको! फक्त नारळ आणि मुलगी!"

टाळ्या आल्या नाहीत. काका उठले. हॅट डोक्यावर ठेवली. जोसेफचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "सर, काका म्हणायलेत... जिच्यासाठी घरातलं कुणी काही मागतच नाही, तिच्या मागं कुणी उभंच नाही असं आमच्यात समजतात. ते म्हणतात, मी इथं कुणाशी बोलू?"

मीनलनं माझ्याकडं बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं. आत प्रस्तावनाच तेवढी होती.

"कोन म्हनलं काय नको म्हून?"

स्वयंपाकघराच्या दारात आक्का. डोळ्याला काळा चष्मा, भिंत धरून उभी. "उत्तमराव, उठा. उठा तितनं." उत्तमराव खरंच उठले. आक्का भिंतीच्या आधारानं त्यांच्या जागेवर बसली, काकांच्या अगदी समोर. "माझ्या येळंला सासऱ्यानं मेंढरं मोजून दिली व्हती. बापाला. मी काय फुकट गेले व्हय? बस म्हनावं पाव्हन्याला."

हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी पाळण्यात असेन.

काका बसले नाहीत, पण थांबले.

"तीस म्हनला न्हवं पयल्यांदा?" आक्का म्हणाली. "साठ सांग त्याला."

संपलं, असं मला वाटलं. सोयरीक मोडली. जोसेफनं घाबरत घाबरत सांगितलं. काकांनी हॅट काढली, परत मांडी घातली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काकूंनी रुमाल खाली घेतला.

"काका म्हणतात," जोसेफ म्हणाला, "आता घरातलं मोठं माणूस आलं."

पुढं जे झालं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तासभर दोघं भांडत होती. काका म्हणाले, साठ म्हणजे फार, मुलगी काय करते एवढं? आक्का म्हणाली, "औशीदं बनवती. तुमी आजारी पडला तर काय शेळीला इच्यारनार?" काका म्हणाले, स्वयंपाक येतो का? आक्का म्हणाली, "नाय येत. खोटं कशाला सांगू? त्याच्या दोन कमी करा." दारातून मीनल ओरडली, "आत्या!" काका म्हणाले, आमच्या मुलाला येतो. आक्कानं मान वळवून जोसेफकडं बघितलं, पहिल्यांदाच. "काय काय येतं रं?"

"भाकरी येती, आत्या. गोल नाय होत."

"मंग अजून दोन कमी," आक्का म्हणाली, आणि चहा सांगितला.

चहा झाला. आक्का म्हणाली, "आता शेळ्या बाजूला ठिव. हे शेळ्यांत धरायचं नाय. दर दिवाळीला पोरगी माहेरी आली पायजे. आन् मधी रडली, तर त्याच दिशी धाडायची. इच्यार त्याला." जोसेफ भाषांतर करत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच काकांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान डोलावली. आक्कानं कपात उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "छप्पन."

काकांनी दोन्ही हात वर केले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काहीतरी लांबलचक बोलले. जोसेफही हसायला लागला.

"आत्या, काका म्हणतात, तुम्हाला एवढ्या शेळ्या दिल्या तर गावात एक शेळी उरायची नाही. मग बाकीच्या पोरांची लग्नं आम्ही कशानं करायची?"

आक्कानं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. पदरानं तो पुसला, परत लावला आणि काकांकडं जरा वाकून विचारलं,

"आनखी किती पोरं हायेत लग्नाची? आमच्या शोभीची पोरगी नर्स हाय."